ताऱ्याचा स्वभाव, संघाचे वळण

बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूचे जेवढे वजन पडते, तेवढे फार थोड्या सांघिक खेळांत पडते. मैदानावर एका वेळी संघाचे पाचच जण असतात. अमेरिकेतील एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि प्रमुख खेळाडू त्यातला बहुतेक वेळ मैदानावर असतो. चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येतो, पगाराचा मोठा वाटाही त्यालाच मिळतो. त्यामुळे त्याच्या खेळाइतकेच त्याच्या वागण्याकडेही सहकाऱ्यांचे लक्ष असते.

सॅन अँटोनियो स्पर्सचा टिम डंकन हे याचे ठळक उदाहरण. १९९६-९७ च्या हंगामात या संघाने ८२ पैकी २० सामने जिंकले. नव्या खेळाडूंच्या निवडीचा क्रम ठरवणाऱ्या तळाच्या संघांमधील सोडतीत नशिबाने साथ दिली आणि १९९७ मध्ये डंकन त्यांच्या वाट्याला आला. कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेटावर वाढलेला हा मुलगा मुळात जलतरणपटू होता. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात तिथला तरणतलाव उद्ध्वस्त झाला आणि तो बास्केटबॉलकडे वळला. पुढे १९ हंगाम तो स्पर्सकडूनच खेळला आणि संघाने पाच विजेतेपदे पटकावली.

त्याच्या स्वभावाचा परिणाम तीन ठिकाणी दिसतो. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच त्याला सर्वांदेखत फैलावर घेत आणि तो मुकाट ऐकून घेई. २००२ आणि २००३ मध्ये लीगचा सर्वोत्तम ठरलेला खेळाडू बोलणी खातो म्हटल्यावर नवख्याला उलट बोलायला तोंडच उरत नसे. दुसरी गोष्ट पैशांची. एनबीएत संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा असते. २०१२ मध्ये डंकनने आधीच्या सुमारे निम्म्या पगारावर नवा करार केला आणि इतरांसाठी पैसा मोकळा झाला. तिसरी गोष्ट श्रेयाची. मानू जिनोबिलीसारखा कसलेला खेळाडू वर्षानुवर्षे राखीव बाकावरून उतरला. २००७ च्या अंतिम फेरीचा मानकरी टोनी पार्कर ठरला, तरी संघात बेबनाव झाला नाही.

खरी कसोटी २०१३ मध्ये लागली. मायामीच्या संघाविरुद्धच्या अंतिम फेरीतील सातव्या, निर्णायक सामन्यात शेवटच्या मिनिटात डंकनचा अगदी जवळचा फटका हुकला. बचावासाठी मागे येताच त्याने दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. विजेतेपद गेले. पण पुढच्या वर्षी हाच संघ पुन्हा मायामीसमोर उभा राहिला आणि ४-१ असा जिंकला. तेव्हा डंकन ३८ वर्षांचा होता. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला २२ वर्षांचा क्वाय लिओनार्ड.

मात्र शांत स्वभाव ही विजयाची अट नव्हे. शिकागो बुल्सचा मायकल जॉर्डन सहकाऱ्यांना घालूनपाडून बोले. १९९५ च्या सराव शिबिरात त्याने सहकारी स्टीव्ह करला ठोसा लगावला. नंतर फोन करून माफीही मागितली. त्या हंगामात बुल्सने ७२ सामने आणि विजेतेपद जिंकले. हाच कर पुढे डंकनसोबतही दोनदा विजेता झाला. दोन्ही ताऱ्यांचे स्वभाव दोन टोकांचे, पण जे इतरांकडून मागायचे ते आधी स्वतः करायचे, हा नियम दोघांनीही सरावात पाळला. उलट लॉस एंजेलिस लेकर्सच्या शकील ओ'नील आणि कोबी ब्रायंट यांचे आपसांत पटत नसतानाही संघाने २००० ते २००२ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. २००४ च्या अंतिम फेरीतील पराभवानंतर मात्र ती जोडी फुटली.

डंकन २०१६ मध्ये निवृत्त झाला. पुढच्या हंगामात स्पर्सने ६१ सामने जिंकले, म्हणजे लागलेले वळण काही काळ टिकले. २०१८ मध्ये लिओनार्ड संघाबाहेर गेला आणि २०२० मध्ये बाद फेरी गाठण्याची २२ हंगामांची परंपरा खंडित झाली. निव्वळ स्वभावाच्या जोरावर सामने जिंकता येत नाहीत, त्यासाठी कसब लागतेच. पण संघातल्या सर्वात मोठ्या खेळाडूने सर्वांचे नियम स्वतःला लावून घेतले, तर ते कसब अनेक वर्षे एकत्र नांदते.