इंग्रजीची उजळणी : एक ‘स’ आणि एक स्वल्पविराम

सहामाही आटोपून शाळेला सुटी लागली, की चकलीच्या भाजणीबरोबर घरोघरी आणखी एक विषय निघतो : ‘या सुटीत हिचे इंग्रजी पक्के करून घ्यायला हवे.’ मी पुष्कळ वर्षे मराठी शाळेत इंग्रजी शिकवले. त्यामुळे आमच्या इमारतीतली ‘कच्ची’ मंडळी वह्या घेऊन माझ्याकडेच येतात. यंदा एक पाचवीतली मुलगी आली. तिच्या वहीची पहिली दोन पाने तांबड्या शाईने भरलेली. पुढचे सगळे गाइडातून उतरवलेले, अगदी बिनचूक. स्वतःचे असे एक वाक्य नाही. चुकीच्या धास्तीने पोरीने लिहिणेच सोडले होते.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीत आले. पण उजळणीची तऱ्हा जुनीच. व्याख्या घोका, काळांचे तक्ते घोका. एखादे उत्साही वडील तर रेन आणि मार्टिनचे जाडजूड व्याकरणच मुलापुढे ठेवतात. यातले रेनसाहेब म्हणजे ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. दहा वर्षांच्या मुलाला त्यांच्या व्याकरणापेक्षा ती कादंबरी लवकर पचेल, असे मला आपले वाटते!

मी व्याख्या विचारतच नाही. ‘मी जाते, तू जातेस, ती जाते’ एवढे म्हणायला सांगतो. ‘स’ कुणाच्या वाट्याला आला? ‘तू’च्या. इंग्रजीत तो जणू बिऱ्हाड बदलून ‘ती’कडे जातो : आय गो, यू गो, शी गोज. प्रश्न विचारताना ‘डज’ आला, की हा ‘स’ त्याच्यात जाऊन बसतो आणि क्रियापद मोकळे होते : ‘डज शी गो?’ दोन ठिकाणी त्याला बसवायचे नाही.

‘अ’ आणि ‘द’ यांना गोष्ट पुरते. ‘एक होता राजा’ असे आपण सुरुवातीला म्हणतो. पुढच्या वाक्यात मात्र ‘एक’ गळतो, कारण राजा आता ओळखीचा झाला. अनोळखी तो ‘अ किंग’, ओळखीचा तो ‘द किंग’. सगळी उदाहरणे यात बसत नाहीत, पण पाचवीपुरते भागते. ‘ॲन’ कुठे लावायचा हे कानाला विचारावे, डोळ्यांना नव्हे. म्हणून ‘ॲन अंब्रेला’, पण ‘अ युनिफॉर्म’. अक्षर दोन्हीकडे ‘यू’च.

त्या वहीत सर्वांत जास्त शाई सांडली होती ती ‘मी टू ब्रदर्स आर’ या वाक्यावर. आता ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे शब्दाला शब्द ठेवले, तर दुसरे काय होणार? मराठीत भाऊ नुसते ‘असतात’. इंग्रजाला ते बाळगावे लागतात, म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’. हे सांगितल्यावर ती मोकळेपणाने हसली. आपली अक्कल कमी नाही, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

विरामचिन्हांना तर मराठी मुलाने मुळीच भिऊ नये. आपल्या जुन्या मोडी कागदांत ती नव्हती. शब्दांमधली जागासुद्धा नसे. इंग्रजीतली ही चिन्हे मराठीत रुजवण्यासाठी मेजर कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मुलाला पहिल्यापासून सवयीचीच आहेत. ‘आई बाबा आले’ आणि ‘आई, बाबा आले’ : पहिल्यात दारात दोघे उभी आहेत, दुसऱ्यात एकटे बाबा. इंग्रजीतही हाक मारली की स्वल्पविराम येतो. नवी गोष्ट म्हणजे मोठे अक्षर. देवनागरीत लहानमोठे नाही, म्हणून वाक्याचा आरंभ, विशेषनामे आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ यांवर मात्र वरचेवर बोट ठेवावे लागते.

सुटीत रोज दहा मिनिटे पुरेत. किल्ल्यावर, फराळावर, भांडणावर मुलाने स्वतःची पाच वाक्ये लिहावी. तपासताना तांबडी शाई नको, पेन्सिल घ्यावी. आज फक्त ‘स’ पाहावा, उद्या फक्त मोठी अक्षरे. बाकीचे दिसले तरी हात आवरावा, त्यांची पाळी परवा.