बोगद्यातून निघालेला दगड आणि बोगद्यातले काँक्रीट

काँक्रीट म्हटले की सिमेंट डोळ्यांसमोर येत असले, तरी काँक्रीटच्या घनफळाचा सुमारे 60 ते 75 टक्के भाग वाळू आणि खडी यांचाच असतो. सिमेंट आणि पाणी यांचा लगदा या कणांमधील फटी भरतो आणि त्यांना जखडून ठेवतो. ही खडी खाणीतून किंवा नदीपात्रातून यावी, हा जुना शिरस्ता. परंतु डोंगर पोखरून बोगदा काढला जातो तेव्हा एका बाजूने लाखो टन दगड बाहेर पडत असतो आणि दुसऱ्या बाजूने त्याच बोगद्याच्या अस्तरासाठी लाखो टन खडी आत न्यावी लागते. बाहेर पडणारा दगडच आत जाणारी खडी का होऊ नये, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र साधे नाही.

या प्रश्नाची मोठी परीक्षा स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड पायथा बोगद्यात झाली. जून 2016 मध्ये उद्घाटन झालेला हा रेल्वे बोगदा 57 किलोमीटर लांबीचा असून दोन समांतर नळ्या, त्यांना जोडणारे आडमार्ग, उभ्या विहिरी आणि प्रवेशमार्ग मिळून एकूण खोदकाम सुमारे 152 किलोमीटर भरते. त्यातून 2 कोटी 82 लाख टन दगड निघाला. आल्प्सच्या अरुंद दऱ्यांमधून हा सारा दगड ट्रकांनी बाहेर नेणे आणि तेवढ्याच खटाटोपाने खडी आत आणणे म्हणजे दऱ्यांतील गावांवर दुहेरी वाहतूक लादणे होते. शिवाय नद्यांमधील उत्तम रेती-गोटेही अमर्याद नव्हते. म्हणून खोदाई सुरू होण्याच्या कितीतरी आधीच दगडाच्या चाचण्या झाल्या आणि बोगद्याच्या तोंडांशी दगड फोडण्याचे, धुण्याचे व चाळण्याचे कारखाने उभे राहिले.

पहिली अडचण दगडाच्या आकाराची होती. बोगदा खणणाऱ्या यंत्राच्या तोंडावर फिरत्या पोलादी तबकड्या बसवलेल्या असतात. त्या प्रचंड दाबाने खडकावर रुतत पुढे सरकतात आणि दोन चरांमधला खडक चपट्या, लांबट कपच्यांच्या रूपाने उडतो. सुरुंग लावून फोडलेला खडक मात्र मोठ्या डबरांच्या रूपात मिळतो आणि क्रशरमध्ये भरडल्यावर त्याची खडी बरीच घनाकार निघते. बोगद्याच्या मार्गावरील सेड्रून येथे सुमारे 800 मीटर खोल विहिरीच्या तळापासून सुरुंगानेच काम चालले, तर बोगद्याचा बहुतांश भाग यंत्रांनी कापला, त्यामुळे चपट्या कपच्यांपासून सुटका नव्हती. अशा कपच्या काँक्रीटमध्ये एकमेकींवर अडतात, मिश्रण सहज वाहत नाही, आणि ते वाहते करण्यासाठी पाणी वाढवले तर ताकद घटते. त्यावर तोडगा म्हणून दगडावर दगड आदळवणारे क्रशर वापरले जातात. या आघातात कपच्यांच्या कडा मोडतात आणि कण गोलसर होतो. पण आकार सुधारताना भुकटी वाढते आणि यंत्राने कापलेल्या दगडात ती मुळातच अधिक असते.

या भुकटीतच दुसरी अडचण दडलेली होती. गॉटहार्डच्या ग्रॅनाइट आणि नाईस या खडकांत, म्हणजे आल्प्सच्या गाभ्यातील स्फटिकी खडकांत, अभ्रक असते. त्याचे पातळ पापुद्रे दगड फुटताना सुटे होऊन बारीक वाळूत जमतात आणि पाण्याची मागणी वाढवतात. तिसरी अडचण अधिक गंभीर, कारण ती काही वर्षांनी उघड होते. काही खडकांतील सिलिका सिमेंटमधील अल्कलींशी, म्हणजे सोडियम-पोटॅशियमच्या तीव्र क्षारांशी, हळूहळू अभिक्रिया करते. तिच्यातून तयार होणारा चिकट पदार्थ ओल शोषून फुगतो आणि काँक्रीट आतून तडकते. शंभर वर्षे टिकायला हव्या असलेल्या ओलसर बोगद्यात हा धोका पत्करता येत नाही. म्हणून नमुन्यांच्या चाचण्या घेऊन दगडाची प्रतवारी करणे, तसेच मिश्रणात औष्णिक वीज केंद्रातील बारीक राखेसारखे अल्कली रोखणारे घटक वापरणे, हे या शास्त्राचे मर्म ठरते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही, कारण राज्यातील बहुतेक बोगदे दख्खनच्या बेसाल्टमधून जातात आणि काँक्रीटची खडीही मुख्यतः त्याच काळ्या पाषाणाची असते. परंतु बेसाल्टचे सारे थर सारखे नसतात: घट्ट थराची खडी उत्तम निघते, तर पूर्वी वायूचे बुडबुडे असलेल्या थरातील पोकळ्या झिओलाइट आणि सूक्ष्मस्फटिकी सिलिका अशा खनिजांनी भरलेल्या असू शकतात आणि तो थर तपासल्याशिवाय काँक्रीटमध्ये घालू नये. तपासणी, साठवणुकीची जागा आणि क्रशर यांची तरतूद बोगद्याच्या निविदेतच झाली पाहिजे. दगड बाहेर पडल्यावर सुचलेला पुनर्वापर बहुधा भरावापुरताच उरतो.

गॉटहार्डमध्येही इतकी पूर्वतयारी असूनही सुमारे एकतृतीयांश दगडच काँक्रीटच्या योग्यतेचा ठरला, आणि यात अपयश मानण्याचे कारण नाही; उरलेल्यासाठी दुसरा मार्ग शोधणे हाही नियोजनाचाच भाग होता. काही दगड भरावांत गेला, काही दगडाने दऱ्यांतील जमीन पुन्हा घडवली. दक्षिण बाजूचा बराच दगड बियास्का गावाजवळच्या दरडीच्या जागी रचला गेला. 1513 मध्ये तेथे डोंगर कोसळून नदी अडली होती. सर्वांत लक्षणीय उपयोग उत्तरेला, उरी सरोवरात झाला. तेथे रॉइस नदीच्या मुखाशी काँक्रीटसाठीच वर्षानुवर्षे रेती-गोटे उपसल्याने उथळ काठ खचला होता, आणि त्याच्याबरोबर पाणपक्ष्यांचा व माशांचा अधिवासही गेला होता. गॉटहार्डचा आणि जवळच्या रस्त्याच्या बोगद्याचा दगड तेथे ओतून उथळ तळ पुन्हा उभारण्यात आला आणि बेटांचे दोन समूह तयार झाले. त्यांपैकी लोरेलाय हा पोहणाऱ्यांसाठी खुला आहे आणि नेप्च्यून पक्ष्यांसाठी राखलेला आहे.