मडगार्ड कोणासाठी?

मित्रांनो, एक प्रश्न विचारू? खरं खरं उत्तर द्यायचं हं! तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या सायकलचं मडगार्ड काढून माळ्यावर टाकलं आहे?

बरेच हात वर झाले असणार. मडगार्ड नसलं की सायकल कशी हलकी, चपळ, शर्यतीची दिसते! शिवाय ते खडखड वाजतं, पत्रा वाकला की टायरला घासतं. आणि जाड टायरच्या कितीतरी सायकली आता दुकानातूनच मडगार्डाशिवाय येतात. म्हणजे ते नसलं तरी चालतं, असंच आपल्याला वाटणार. उन्हाळाभर चालतंही. मग जून उजाडतो, शाळा सुरू होते आणि पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर कमरेपासून थेट मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ उमटते. ती धुणारी आई (किंवा बाबा) काय बोलते, ते इथे छापायला नको.

पण ती रेघ पाठीवरच का उमटते? चाक तर जमिनीवर फिरते आहे आणि तुम्ही चांगले दोन-अडीच फूट उंचावर बसला आहात!

एक सोपा प्रयोग करून बघा. पावसातून आलात की अंगणात उभे राहा आणि ओली छत्री उघडून तिचा दांडा गरागरा फिरवा. (आधी आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहा!) पाणी कुठे जाते? कडेवरून सुटलेला थेंब गोल गोल फिरत राहत नाही. ज्या क्षणी सुटला, त्या क्षणी त्याचे तोंड जिकडे होते तिकडे तो सरळ निघून जातो. भूमितीच्या पुस्तकात वर्तुळाला नुसती टेकून जाणारी रेषा असते ना, ‘स्पर्शिका’? थेंब त्या स्पर्शिकेवरून पळतो. पुस्तकात ती कंटाळवाणी वाटते, पण तुमच्या शर्टावरची रेघ तिनेच काढलेली आहे.

आता सायकलचे मागचे चाक डोळ्यांसमोर आणा. टायर जमिनीवरून चिखल उचलतो आणि चाकाच्या मागच्या बाजूने वर नेतो. चाक फिरत असताना थेंबाला धरून ठेवायचे तर टायरला जोर लावावा लागतो. तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असाल, तर हा जोर थेंबाच्या वजनाच्या पाचपट तरी हवा. ओल्या रबराला तेवढे कुठले जमायला! थेंब सुटतो. चाकाच्या अगदी मागच्या टोकापाशी सुटला तर सरळ वर उडतो. थोडा आणखी वर सरकून सुटला तर वर जाता जाता पुढे झुकतो, आणि पुढे कोण असते? तुमची पाठ!

किती उंच उडतो, तेही काढता येते. १५ किलोमीटरच्या वेगाला तो सुटल्या जागेपासून जवळजवळ ९० सेंटिमीटर वर जातो. चाकाच्या आसाची उंची त्यात मिळवा. जमिनीपासून झाले सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे बरोबर तुमच्या खांद्यापर्यंत. आता गंमत बघा. वेग निम्मा केला, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर, तर थेंबाची उडी निम्मी होत नाही, पाव होते. फक्त २२ सेंटिमीटर! डबक्यातून जाताना सायकल हळू घ्यावी म्हणतात, त्यामागे हा हिशेब आहे.

याच हिशेबातून आणखी एक कोडे सुटते. बैलगाडीला मडगार्ड का नसते? चिखल तर तिच्या वाट्याला सगळ्यांत जास्त! पण बैल चालतात ताशी चारेक किलोमीटर वेगाने, आणि चाक असते चांगले पुरुषभर उंच. इतक्या संथ, इतक्या मोठ्या चाकावरचा चिखल धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढा जोर पुरतो. चिखल उडतच नाही. तो चाकाबरोबर वर जातो आणि आपल्या वजनाने थबकन खाली पडतो. म्हणजे चिखल असला म्हणून मडगार्ड लागत नाही, बरं का. चिखल आणि वेग एकत्र आले की लागते.

म्हणूनच घोडागाड्यांना ते आधी आले. टांग्याच्या चाकांवर वाकवलेले आडोसे असायचे. पण घोडागाडीत चिखल फक्त चाकेच उडवत नाहीत, घोड्याच्या टापाही उडवतात, आणि तो नेमका हाकणाऱ्याच्या तोंडावर! म्हणून गाडीवानाच्या पुढ्यात लाकडाची किंवा चामड्याची एक उभी फळी लावत. तिचे इंग्रजी नाव ‘डॅशबोर्ड’. घोडा गेला, मोटार आली, टापांचा चिखल संपला, तरी नाव तिथेच राहिले. आज मोटारीत वेगाचा काटा दाखवणाऱ्या ज्या भागाला आपण डॅशबोर्ड म्हणतो, तो मुळात एक मडगार्डच आहे!

आपण ज्याला मडगार्ड म्हणतो, त्याला अमेरिकेत ‘फेंडर’ म्हणतात. आपल्याकडेही मोटारीच्या गॅरेजमध्ये पुढच्या चाकावरच्या पत्र्याला फेंडर म्हणणारे भेटतील. ‘डिफेंड’ म्हणजे रक्षण करणे, त्याचाच हा तुकडा. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर गेलात तर लाँचच्या कुशीला जुने टायर टांगलेले दिसतील. धक्क्याला आपटून लाँच फुटू नये म्हणून ते लावतात. त्यांनाही फेंडरच म्हणतात. काम एकच, मध्ये पडायचे आणि मार खायचा.

पण मार कोणाचा वाचवायचा? खरी गोष्ट इथेच आहे. आपल्याला वाटते, मडगार्ड चालवणाऱ्यासाठी असते. ते आहेच, पण नीट पाहिले तर त्याचे निम्म्याहून अधिक काम दुसऱ्या कोणासाठी तरी चाललेले असते.

जुनी काळी सायकल आठवा. तिच्या मागच्या मडगार्डाचे शेपूट पांढरे रंगवलेले असते आणि त्यावर लाल काच असते. चालवणाऱ्याला ते दोन्ही कधीच दिसत नाहीत. ते असते अंधारात मागून येणाऱ्यासाठी. ते शेपूट तिरपे होत इतके खाली का उतरते? टायर जमीन सोडतो न सोडतो तोच सुटलेला चिखल मागे जातो. तो तुमच्या अंगावर नाही, तुमच्या मागून येणाऱ्या मैत्रिणीच्या तोंडावर जातो.

हेच ट्रकच्या बाबतीत बघा. ट्रक आणि एस.टी.च्या चाकांमागे रबराचे जाड पडदे लोंबत असतात. समजा, ट्रक ताशी ६० किलोमीटरने चालला आहे. जमिनीजवळ सुटलेला थेंब सहज तीन-साडेतीन मीटर उंच उडू शकतो. रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्याला तो मागे जाताना दिसणारच नाही, जवळजवळ जागच्या जागी वर उडालेला दिसेल. आणि मागची गाडी ६०च्या वेगाने त्यात घुसेल! पाणी असेल तर काच गढूळ होते, समोरचे दिसेनासे होते. पण ट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत कधीकधी दगड अडकतो. तो सुटला तर? मागच्या मोटारीची काच फुटते आणि मोटारसायकलवाल्यापुढे तर काचही नसते. तो रबरी पडदा फाटून गेला, तर ट्रक ड्रायव्हरला काहीच फरक पडत नाही. त्याला कळतसुद्धा नाही!

पडद्याचीही एक अडचण आहे. सपाट रबरावर पाणी जोरात आपटले की त्याचे बारीक तुषार होतात, आणि तुषारांचे धुके. म्हणून आतल्या बाजूला गवतासारखी प्लॅस्टिकची पाती असलेले पडदे निघाले. पाणी त्या पात्यांत शिरते, त्याचा जोर मोडतो आणि ते खाली गळते. अवजड वाहनांच्या अशा तुषार-रोधकांसाठी युरोपात १९९१ साली नियम झाले. फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या गाड्यांना मात्र मडगार्ड नसते. पावसात त्यांच्या मागे पाण्याचा एवढा लोट उठतो की मागच्या चालकाला काही दिसत नाही. २०२३ साली इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला त्यांच्या चाकांवर झाकणे बसवून पाहिली. पण हवा तेवढा उपयोग झाला नाही.

एका इंजिनिअरने मात्र मडगार्डाचे फार मनावर घेतले. इटलीचे कोरादीनो दास्कानिओ. हे मूळचे विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्या जगातले. मोटारसायकल त्यांना आवडत नसे. कपडे खराब होतात, तेल उडते! पियाजियो कंपनीसाठी त्यांनी जी दुचाकी आखली, तिच्यात पायांपुढे मोठा पत्रा आला, इंजिन झाकले गेले आणि मागचे चाक अंगातच लपले. एप्रिल १९४६ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला, त्यात मडगार्ड आणि झाकणांचा उल्लेख चक्क नावातच होता. ही व्हेस्पा. तिच्याच घराण्यातली चेतक १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत बनू लागली. ऑफिसला इस्त्रीच्या पँटमध्ये जाणाऱ्या आजोबांना विचारा, स्कूटर का घेतली होती? निदान एक कारण नक्की कपड्यांचे निघेल.

मोटारींची गोष्ट थोडक्यात सांगतो. पहिल्या मोटारींची मडगार्डे वेगळी, पंखासारखी दिसत. हळूहळू ती मोटारीच्या अंगात विरघळली. जीपची सपाट आणि ॲम्बॅसडरची फुगीर गालांसारखी मडगार्डे अजून ओळखू येतात. आजच्या मोटारीत चिखल झेलण्याचे खरे काम चाकावरचे काळे प्लॅस्टिकचे अस्तर करते. वाकून पाहा, दिसेल.

आता मडगार्डाच्या एका धाकट्या भावंडाबद्दल. मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला जाळी असते ना, तिला आपल्याकडे ‘साडी गार्ड’ म्हणतात. ही शोभेची नाही आणि दुकानदाराच्या मर्जीचीही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतला १२३वा नियम सांगतो की, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे तरी झाकलेले असले पाहिजे. का? ताशी ४० किलोमीटरला मोटारसायकलचे चाक सेकंदात सुमारे सहा वेळा फिरते. ओढणीचे टोक आसाभोवती गेले, तर सेकंदाला दोनेक मीटर कापड गुंडाळले जाऊ शकते. आख्खी ओढणी असते जेमतेम अडीच मीटर. ब्रेक लावायचे सुचेपर्यंतच एक सेकंद उलटतो.

ही भीती जुनी आहे. १८९०च्या दशकात युरोपात बायका सायकल चालवू लागल्या, तेव्हा त्यांच्या घोळदार झग्यांसाठी मागच्या मडगार्डापासून आसापर्यंत दोऱ्या विणत. इझाडोरा डंकन ही अमेरिकेची नामवंत नर्तिका १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीत बसली होती. तिचा लांब स्कार्फ चाकात अडकला आणि त्यातच ती गेली. तर आई किंवा ताई मागे बसली की पदर आणि ओढणी कुठे आहे, हे गाडी सुरू होण्याआधी पाहणारं घरात कोणीतरी हवं. ते काम तुम्ही घ्या. आणि हौसेने जाळी काढून टाकलेली मोटारसायकल असेल, तर ती जाळी कुठे आहे हे दादाला विचाराच!

खेड्यातल्या दोस्तांना ट्रॅक्टरचे मडगार्ड चांगलेच ठाऊक असेल. रुंद, सपाट, बसायला बोलावल्यासारखे! पण ते केले आहे चालवणाऱ्याचा हात आणि कपडे त्या भल्यामोठ्या चाकापासून दूर ठेवायला. त्यावर बसणाऱ्याला धरायला काही नसते, आणि बांधावरून एक धक्का बसला की माणूस पडतो तो नेमका चाकापुढे. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच असते, चालवणाऱ्याची.

मग मडगार्ड चाकाला अगदी चिकटवून का बसवत नाहीत? एकही थेंब सुटणार नाही! याचे उत्तर सोलापूर, लातूर, अकोल्याकडच्या मुलांनी द्यावे. काळी माती भिजली की डिंकासारखी चिकटते. टायर ती उचलतो, मडगार्डाखाली ठासतो, आणि दहा-वीस पावलांत चाक ठप्प! मग काटकीने कोरत बसायचे, नाहीतर सायकल खांद्यावर घ्यायची. तिथे कोणी पावसाळ्यापुरते मडगार्ड काढून ठेवले, तर त्याला हसू नका. चिखलातल्या शर्यतीच्या मोटारसायकलींचे पुढचे मडगार्ड टायरपासून वीतभर उंच असते, तेही याचसाठी. फट कमी ठेवली तर माती अडकते, जास्त ठेवली तर चिखल बाहेर सुटतो. मडगार्ड आखणाऱ्याची सगळी कसरत या फटीत आहे.

शहरातल्या डांबरी रस्त्यावर बोटभर फट पुरते. माळ्यावरचे मडगार्ड उतरवलेत तर आधी त्याचा गंज पुसा. बसवल्यावर चाक उचलून हाताने फिरवा आणि कान द्या. खर्रर्र आवाज आला, तर ते एका बाजूला झुकले आहे. ज्या बाजूला घासते, तिकडच्या तारेचा नट सैल करा, पत्रा मधोमध आणा आणि पुन्हा आवळा. नट आवळायचा राहिला तर ते खडखड वाजणारच, आणि तार चाकाच्या आऱ्यांत गेली तर तुम्ही पडाल. पान्ह्याने घट्ट करा, हाताने नव्हे.