वाफेची इस्त्री डाग का पाडते?

जळगाव-धुळ्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. जळगावला वाघूर धरणाचं आणि धुळ्याला तापी योजनेचं पाणी येतं, पण नळ काही दिवसांआड आला की इस्त्रीच्या टाकीत बोअरचंच पाणी जातं. ते तापलं की कॅल्शियमचे क्षार खडूसारखे आत धरतात, भोकं बुजतात आणि पांढऱ्या शर्टावर तपकिरी ओघळ उमटतो. गंज किंवा तळाला जळून चिकटलेली खळ असली तरी डाग तपकिरीच.

‘सेल्फ क्लीन’ची सोय असेल तर टाकी भरून इस्त्री पूर्ण तापवा, प्लग काढा, मोरीवर आडवी धरून ते बटण दाबा आणि हलवा. वाफेबरोबर खपल्या पडतील, हात जपा. मग जुन्या फडक्यावर फिरवा. व्हिनेगर टाकीत ओतण्याआधी माहितीपुस्तिका वाचाच, काही कंपन्या त्याला सक्त मनाई करतात. खळ जळाली असेल तर गार तळ ओल्या फडक्याने, खाण्याच्या सोड्याने पुसा. घासणी लावू नका.

पुढे टाकीत आरओचं पाणी वापरा, काम झाल्यावर ती रिकामी करा. इस्त्री पुरती तापण्याआधी वाफेचं बटण दाबलं तर पाणीच गळतं. गंजाच्या डागावर लिंबू-मीठ चालतं, ब्लीच मात्र नको. डाग पक्का होतो.