संघाची निवड आणि मुलाचे भवितव्य : रायगड किनारपट्टीवरील कबड्डीपटूंच्या पालकांचा एक प्रश्न

गोषवारा

रायगडच्या किनारपट्टीवरील पालक कबड्डी खेळणाऱ्या मुलासाठी संघ निवडताना संघाने जिंकलेले चषक आणि व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंची नावे यांची तुलना करतात. ही तुलना अपुरी का ठरते, कबड्डीतील संधींची उतरंड प्रत्यक्षात कशी आहे आणि निवड न झालेल्या खेळाडूचे पुढे काय होते हाच संघ पारखण्याचा मुख्य निकष का असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : कबड्डी, रायगड, पालक, क्रीडा आरक्षण, महाविद्यालयीन खेळाडू

प्रस्तावना

भातकापणी उरकून खळी मोकळी झाली की उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांत प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. ग्रामदैवताच्या नावाने उभा राहिलेला संघ हा येथील गावाचा अभिमानविषय असतो. या हंगामात महाविद्यालयातील वर्गांत काही बाके रिकामी राहतात, हा किनारपट्टीवर अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षातील एका विद्यार्थ्याचे वडील प्राध्यापक कक्षात आले. वहीच्या कागदावर त्यांनी तीन रकाने आखले होते. एकात गावचा संघ, दुसऱ्यात पनवेलकडील एक प्रशिक्षण केंद्र आणि तिसऱ्यात मुंबईतील एक नामांकित संघ. प्रत्येकाखाली चषकांची संख्या आणि ‘टीव्हीवर गेलेल्या’ खेळाडूंची नावे होती. त्यांनी विचारले, “सर, तुम्ही शिकलेली माणसं. यातला कंचा धरू?” कागदावर नजर टाकून मी मुंबईच्या संघाकडे बोट दाखविले. दीड वर्षाने तो मुलगा गुडघ्याची दुखापत आणि चार विषयांतील अनुत्तीर्णता घेऊन परतला. संघाने त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेतला होता. त्या वेळी दिलेले उत्तर कोठे चुकले याचा शोध घेणे, हे या लेखामागील प्रमुख कारण आहे.

तुलनेची पार्श्वभूमी

किनाऱ्यावरील पालकांच्या मनातील अपेक्षा समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या नोकरीसाठी मुंबईकडे पाहत आला. मुंबईत कबड्डी आणि नोकरी यांचे नाते जुने आहे. गिरण्या, बँका, रेल्वे, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रम यांनी खेळाडूंना सामावून घेतले. चांगली चढाई आणि भक्कम पकड यांच्या बळावर कायम नोकरी मिळते, हा विश्वास या अनुभवातून दृढ झाला.

हा आधार मात्र क्रमाक्रमाने आकसत गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे रूप पालटले. कबड्डी संघ बाळगणारी देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खासगी मालकीकडे गेली. रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम यांसारखी दारे राहिली, तरी दारांची एकूण संख्या घटली.

याच काळात २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या हंगामात ८ संघ होते, २०१७ पासून ते १२ झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातून आलेल्या सिद्धार्थ देसाई याला २०१९ च्या हंगामासाठी १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लागली, तेव्हा खेड्यापाड्यांतील घराघरांत तिची चर्चा झाली. नोकरीची आशा मंदावत असताना लिलावाची आशा तिच्या जागी आली आणि पालकांच्या कागदावरील रकान्यांचे मथळे बदलले.

संधींची उतरंड

या आशेचे गणित मांडून पाहणे आवश्यक आहे. अलीकडच्या हंगामांत लीगमधील प्रत्येक संघाला १८ ते २५ खेळाडू ठेवता येतात. म्हणजे १२ संघांत मिळून कमीत कमी २१६ आणि जास्तीत जास्त ३०० जागा होतात. प्रत्येक संघात किमान दोन परदेशी खेळाडू असल्याने भारतीय खेळाडूंसाठी अधिकाधिक २७६ जागा उरतात. या जागा दरवर्षी नव्याने रिकाम्या होत नाहीत, कारण आधीच्या हंगामातील अनेक खेळाडू पुन्हा त्याच जागांवर येतात. शिवाय हरियाणासारख्या राज्यांतील खेळाडूही याच जागांसाठी झटत असतात. २०२५ च्या लिलावात सर्वोच्च बोली २ कोटी २३ लाख रुपयांची होती, तर सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये होती. वर्तमानपत्रात पहिला आकडा ठळक छापला जातो. दुसऱ्या आकड्यापर्यंत पोहोचणेही फार थोड्यांना साधते.

लीगच्या खालची पायरीही अरुंदच आहे. कबड्डीत ७ खेळाडू मैदानात आणि ५ राखीव असतात. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत २५ जिल्हा संघ उतरले असे धरले, तर ३०० खेळाडूंतून राज्याचा १२ जणांचा संघ निवडला जातो. त्याआधी प्रत्येक जिल्ह्यातील असंख्य संघांतून १२ जण निवडलेले असतात. रायगडसारख्या कबड्डीप्रधान जिल्ह्यात ही पहिली चाळणीच सर्वांत कठीण ठरते. मुलगा मुंबईच्या संघात गेला म्हणून चाळणी टळत नाही. केवळ जिल्हा बदलतो आणि ओळखीचे मैदान सुटते.

तुलनेतील चार दोष

पहिला दोष नावांचा. फलकावर यशस्वी खेळाडूंची नावे असतात. त्यांच्याबरोबर त्याच मैदानात घाम गाळलेल्या, परंतु पुढे न गेलेल्या मुलांची नावे कोठेही लिहिलेली नसतात. दहांपैकी एक पुढे गेला की शंभरांपैकी एक, हे कळल्याशिवाय त्या एका नावाचे मोल ठरविता येत नाही.

दुसरा दोष चषकांचा. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेसाठी अनेक संघ बाहेरून तयार खेळाडू आणतात. अशा संघाचा चषक त्याच्या व्यवस्थापकांचे कौशल्य सिद्ध करतो. तेथील सोळा वर्षांच्या मुलाला किती शिकायला मिळाले, हे त्यावरून समजत नाही. बलाढ्य संघातील राखीव खेळाडूपेक्षा मध्यम संघात दर सामन्याला वीस चढाया करणारा मुलगा अधिक लवकर तयार होतो.

तिसरा दोष वय आणि वजन यांच्याशी निगडित आहे. किशोर गट १६ वर्षांखालील आणि कुमार गट २० वर्षांखालील मुलांचा असतो. वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. किशोर गटात ती ५५ किलो, तर वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलो राहिली आहे. लवकर वाढ झालेला मुलगा किशोर गटात भारी ठरतो, पण वरिष्ठ गटात त्याचा तो लाभ संपतो. उलट मर्यादेत बसण्यासाठी वजनापूर्वी उपाशी राहणे आणि पाणी तोडणे हे वाढत्या शरीरास घातक आहे. सोळाव्या वर्षीच्या यशावरून पंचविसाव्या वर्षाचे भाकीत करणे म्हणूनच धोक्याचे असते.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित दोष प्रमाणपत्रांचा. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने त्याची चौकट घातली आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने ती सुधारली. या आरक्षणासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतील विहित कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी व्हावी लागते. गावोगावच्या प्रकाशझोतातील स्पर्धांत ‘उत्कृष्ट चढाईपटू’ म्हणून मिळालेले चषक येथे उपयोगी पडत नाहीत. राष्ट्रीय महासंघाचा कारभारही वादातीत राहिलेला नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर प्रशासक नेमला आणि २०१९ मध्ये मान्यताप्राप्त महासंघाबाहेरील संघटनेने स्वतंत्र लीग भरविली. त्यामुळे एखादा मुलगा एका हंगामात तीस स्पर्धा खेळूनही नोकरीच्या दृष्टीने रिकाम्या हाताने परतू शकतो.

मुलींचा प्रश्न

उपरोक्त चर्चा मुलींच्या संदर्भात अधिक बिकट होते. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी स्पर्धा प्रो कबड्डीबरोबर झाली, परंतु ती त्या रूपात पुढे चालू राहिली नाही. महाराष्ट्रातील खेळाडूंची गुणवत्ता मात्र वादातीत आहे. अभिलाषा म्हात्रे यांना २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तर २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघात पुण्याच्या स्नेहल शिंदे होत्या. मुलांप्रमाणे लिलावाची आशा नसल्याने मुलींचे पालक मान्यताप्राप्त स्पर्धा, रेल्वे आणि पोलीस भरती यांचाच विचार करतात. विरोधाभास असा की, संधी कमी असूनही त्यांची तुलना अधिक वास्तव असते.

अन्य देशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्या किनाऱ्यापुरता नाही. अमेरिकेत फुटबॉलसारख्या खेळांत गावोगाव फिरून खेळणारे सशुल्क क्लब आहेत आणि तेथील पालक महाविद्यालयीन शिष्यवृत्तीच्या आशेने क्लबांची तुलना करतात. तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएए हिच्या माहितीनुसार शालेय खेळाडूंपैकी सुमारे २ टक्क्यांनाच महाविद्यालयात क्रीडा शिष्यवृत्ती मिळते. तेथील पालक शुल्क रोखीने भरतो. आपल्याकडील पालक बहुधा शुल्क भरत नाही, परंतु मुलाची उपस्थिती, परीक्षा आणि शरीर या रूपांत किंमत मोजतो. पावती फाडली जात नसल्याने ही किंमत त्याला दिसत नाही, एवढाच फरक.

पालकांनी विचारावयाचे प्रश्न

संघाची निवड करताना पुढील पाच प्रश्न विचारणे इष्ट ठरेल.

१) पाच वर्षांपूर्वी या संघात असलेले बाराही खेळाडू आज काय करीत आहेत?
२) संघ जिल्हा संघटनेकडे नोंदलेला आहे काय, आणि मुलगा निवड चाचणीस प्रत्यक्ष उतरतो काय?
३) दुखापत झाल्यास उपचार, विश्रांती आणि पुनरागमन यांची जबाबदारी कोण घेतो? गुडघ्यातील अस्थिबंध फाटल्यास शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास साधारणतः नऊ महिने ते वर्ष लागते. या काळात त्याचे संघातील स्थान राहते काय?
४) सरावाला मॅट उपलब्ध आहे काय? मातीवर घडलेल्या मुलाला मॅटवरील पकड आणि पदन्यास नव्याने शिकावे लागतात.
५) परीक्षेच्या आठवड्यात संघ मुलाला मोकळे सोडतो काय?

यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. सिद्धार्थ देसाई यांच्यासारख्या नामवंत खेळाडूलाही २०२१-२२ च्या हंगामात खांद्याच्या दुखापतीमुळे लवकर बाहेर बसावे लागले. नामवंताला परत येण्यासाठी आधार मिळतो. अनामिकाला तो मिळतो की नाही, यावरून संघाची खरी पारख होते.

महाविद्यालयाची जबाबदारी

पालकांना या प्रश्नांची उत्तरे एकट्याने मिळविता येत नाहीत. येथे महाविद्यालयाची भूमिका सुरू होते. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाच्या जिमखाना विभागाने माजी खेळाडूंची नोंदवही ठेवावी. कोण कोणत्या संघातून खेळला, शिक्षण पूर्ण झाले काय आणि सध्या तो काय करतो, एवढे तीन रकाने पुरेसे आहेत. दहा वर्षांची अशी नोंद कोणत्याही फलकापेक्षा अधिक बोलकी ठरेल.

दुसरे असे की, आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी १७ ते २५ ही वयोमर्यादा असून त्यासाठी विद्यार्थी म्हणून प्रवेशित असावे लागते. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचे व्यासपीठही उपलब्ध झाले आहे. खेळासाठी महाविद्यालय सोडणारा विद्यार्थी या दोन्ही संधींना मुकतो, ही बाब प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगितली पाहिजे. तिसरे म्हणजे हंगामात अनुपस्थित राहणाऱ्या खेळाडूंना केवळ उपस्थितीची सूट देऊन भागत नाही. सूट मिळालेल्या विद्यार्थ्याला शिकविण्याची पर्यायी व्यवस्था नसेल, तर ती सूट अनुत्तीर्णतेचे आमंत्रण ठरते.

समारोप

संघाच्या तुलनेला पालक चुकत नाहीत. उपलब्ध माहितीच्या आधारे ते आपल्या परीने विचारच करीत असतात. चूक आहे ती माहितीत. जिंकलेल्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था आपल्याकडे आहे, मागे राहिलेल्यांची नोंद ठेवणारी नाही. वस्तुतः बहुतेक मुले मागेच राहणार असल्याने संघाचे मूल्यमापन त्यांच्यावरूनच व्हावयास हवे.

प्रारंभी उल्लेखिलेला विद्यार्थी आज डोलवी परिसरात कंत्राटी काम करतो. त्याची पदवी अपुरी राहिली आहे. मागील हंगामात तो गावातील किशोर गटाच्या मुलांना मैदानात कोपरारक्षकाचे पदन्यास शिकविताना दिसला. सरावानंतर त्याने प्रत्येकाला शाळेच्या चाचणीची तारीख विचारली आणि ज्यांची चाचणी जवळ होती त्यांना घरी पाठविले. त्याच्या वडिलांनी आणलेल्या कागदावर चौथा रकाना असता, तर त्यात हाच प्रश्न लिहावा लागला असता. तो रकाना आखून देणे हे मुख्यतः आपले, म्हणजे अध्यापकांचे काम होय.