धाक दोन भाषांतला, आधारही दोन भाषांतला

आमच्या घरी मराठीत ‘लोक काय म्हणतील?’ आणि कन्नडात ‘मंदी एनंतार?’ असं विचारतात. भाषा दोन, धाक एकच. त्या धाकापोटीच माणसं पोटच्या लेकरालाही नाकारतात. माझ्या भाच्याने आपल्याला मुलगेच आवडतात असं सांगितलं, तेव्हा कुणी अंगारा सुचवला, कुणी लग्न उरकायला सांगितलं. मी ताईला म्हटलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. मग अंगारा कशाला? आणि लग्न लावून परक्या मुलीचं आयुष्य कशाला होरपळायचं? मन मोकळं करायला १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडातही. पण पहिला आधार घरचाच हवा.