गोखले झुलूंच्या शाळेत गेले होते, तेव्हा...

मीरा रोड-भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडणाऱ्यांना अंधेरीचा गोखले पूल सांगायला नको. २०२२ मध्ये तो बंद झाला, तेव्हा आपण सगळेच वैतागलो होतो. ज्यांच्या नावाचा हा पूल, ते गोपाळ कृष्ण गोखले, मूळचे आपल्या रत्नागिरीकडचे, नोव्हेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झुलू मुलांची गाणी ऐकत बसले होते. खरंच!

झुलू म्हटलं की आपल्याला ढाल, भाला आणि राजा शाका आठवतो. त्याने विखुरलेली कुळं एकत्र करून राज्य उभं केलं. १८७९ मध्ये इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजांना धूळ चारली, पण त्याच वर्षी ते युद्ध हरले. गोष्ट बहुतेकदा इथेच थांबवतात.

पुढे काय झालं? झोपडीवर कर होताच, त्यात १९०६ मध्ये नाताळ सरकारने एक पौंड डोईपट्टी वसूल करायला सुरुवात केली. म्हणजे पैशासाठी गोऱ्यांकडे मजुरीला जा. बंबाथा नावाच्या सरदाराने बंड केलं, हजारो झुलू मारले गेले. गांधीजी तेव्हा सरकारच्या बाजूने, जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या पथकात होते. जखमी झुलूंची सेवा शेवटी याच पथकाने केली.

करार संपलेल्या हिंदी मजुरांवरही तीन पौंडांचा कर होता. गोखले आले ते तो रद्द करून घ्यायला. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाजवळच ओहलांगे गावी जॉन लांगालिबालेले डुबे यांची शाळा होती. लांगालिबालेले म्हणजे 'ऊन तापलंय'. त्यांच्या झुलू वर्तमानपत्राचं नावही इलांगा, म्हणजे सूर्य! पुढे जिची एएनसी झाली, त्या संघटनेचे डुबे त्याच वर्षी पहिले अध्यक्ष झाले होते. गोखले त्यांना भेटले, आफ्रिकन लोकांच्या प्रश्नावर बोलले.

संप आणि सत्याग्रहानंतर १९१४ मध्ये हिंदींचा कर गेला. डुबेंच्या लोकांच्या वाट्याला मात्र १९१३ चा जमीन कायदा आला: बहुसंख्य आफ्रिकनांसाठी देशाची जेमतेम ७ टक्के जमीन. डुबे दाद मागायला लंडनला गेले, रिकाम्या हाताने परतले. दोघे इतके जवळचे शेजारी, पण लढे वेगवेगळे. मला हे अजून खटकतं.

२७ एप्रिल १९९४ ला मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. मतदान केंद्र होतं डुबेंची तीच शाळा.